आभाराचे दोन शब्द

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळे टाचणी म्हणत. कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या असत म्हणून, आणि जिभेमुळेही. आपल्याला एचआयव्ही आहे हे तिने कधी लपवलं नाही. नवरा गेल्यावर गल्लीने तोंड फिरवलं, तेव्हा तिने शिलाई मशीन उचलून थेट रस्त्याकडच्या खिडकीत मांडलं. ज्याला कपडे शिवायचेत त्याने यावं, बाकीच्यांनी खुशाल पलीकडून जावं.

हे धारिष्ट बघूनच संशोधन संस्थेने तिला रुग्णांच्या सल्लागार मंडळावर घेतलं. संस्था एका परदेशी विद्यापीठाबरोबर नव्या औषधाची चाचणी करत होती. रोजच्या गोळ्यांऐवजी दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन. लोक बिचकत होते. टाचणीने घरोघरी फिरून बायकांची समजूत काढली. त्यांत तिची धाकटी बहीणही होती. तिलाही हाच आजार, पण सासरी फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. पिठाच्या डब्यात गोळ्या लपवता लपवता ती मेटाकुटीला आली होती. इंजेक्शन सुरू झालं आणि पोरीच्या जिवाला स्वस्थता मिळाली.

दोन्ही संस्थांचा करार वाढवायच्या दिवशी सभागृह भरलं. समन्वयक बाई टाचणीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आभाराचे दोन शब्द बोला, मग मंडळाचा फोटो."

"आणि चाचणी संपल्यावर इंजेक्शनचं काय?"

बाईंनी नजर चुकवली. "पुन्हा गोळ्या. नियम तसा आहे."

टाचणी मागच्या रांगेत बहिणीपाशी गेली. बहिणीने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "ताई, तू मध्ये पडू नकोस. मी घेईन निभावून."

"तू निभावशील गं. पण का निभावायचं?"

नाव पुकारलं तशी ती मंचावर गेली. "मला आभार मानायला उभं केलंय," ती म्हणाली. "मानते. पण आम्हाला इथे भागीदार म्हणतात. अंग आमचं, रक्त आमचं, आणि औषध चांगलं ठरलं की आम्हालाच दार दाखवणार? ज्यांनी चाचणीत भाग घेतला, त्यांचं इंजेक्शन सुरू राहील असं करारात येत नाही, तोवर मी फोटोत नाही."

संस्थेचे मोठे डॉक्टर हसत पुढे आले. "ताई जरा भावनिक झाल्यात."

"भावनिक नाही, डॉक्टर. शुद्धीवर आहे."

परदेशी विद्यापीठाकडून आलेल्या पाहुणीने अर्थ विचारायला समन्वयक बाईंकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाईंना डोळ्यांनीच दटावलं. तरी बाईंनी टाचणीचं वाक्यन्‌वाक्य, काही न गाळता, पाहुणीच्या भाषेत सांगितलं.

मग फोटोसाठी मंडळाला बोलावलं. कुणी उठलं नाही. पेन्शनर मास्तर हाताची घडी घालून बसले, भाजीवाली छताकडे बघत राहिली. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत.

पुढे बऱ्याच बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी करारात एक कलम वाढलं: सरकारी दवाखान्यात हे औषध मिळेपर्यंत चाचणीतल्या माणसांना इंजेक्शन चालू. बातमी कळली तेव्हा बहीण मशीनपाशी येऊन टाचणीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

नव्या मंडळात मात्र टाचणीला घेतलं नाही. पहिल्या बैठकीला ती न बोलावता गेली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आता सदस्य नाही."

"आजार अजून माझाच आहे ना?" असं म्हणत तिने खुर्ची पुढे ओढली आणि बसली.