आळशीबाई

केसांतली पिवळी पिन... इतका वेळ मुठीत राहून कोमट झालेली. यंत्रात जाताना अंगावर धातू चालत नाही, म्हणून नात आत जाण्याआधी पिन आजीच्या हाती ठेवून जायची. ऑपरेशननंतर केसच नव्हते तेव्हा बांगडी, आता पिन. लेकीचे केस कसे दाट होते, फणीचे दात मोडायचे – आणि तीच लेक डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना आज आपल्याहून म्हातारी दिसत होती.

"डोक्यातली गाठ आहे तेवढीच आहे," लेक शेजारी बसली. "पण कण्यावर बारीक ठिपके दिसलेत. तिचेच. मेंदूभोवतीच्या पाण्यातून खाली उतरलेत."

"पण ती तर हळू वाढणारी ना गं?"

"अजूनही हळूच आहे, आई. पण आता औषध सुरू करायचं. नुसतं बघत बसून चालायचं नाही."

हळू – या एका शब्दावर घरानं एवढी वर्षं काढली होती. गाठीला आळशीबाई हे नाव नातीनंच दिलेलं. रोज सकाळी ती फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावत चालून दाखवायची, आजी तिचे डोळे बघायची, हात बघायची, आणि मग जाहीर करायची – आळशीबाई झोपल्यात. पाठ मात्र... पाठ दुखते म्हणाली तेव्हा आजीनं दप्तराला धारेवर धरलं. निम्मं रिकामं केलं, शाळेपर्यंत स्वतः वाहिलं, वर बाईंना चार शब्द सुनावले. खांद्यावर ते ओझं घेऊन चालताना किती बरं वाटायचं.

"मला वाटलं, दप्तर..."

"मलाही तेच वाटलं," लेक म्हणाली, आणि खिडकीकडे बघत राहिली.

नात आली, सवयीनं पाठमोरी बसली. "पिन लाव. आळशीबाई काय म्हणतात?"

आजीनं केस गोळा केले. मानेचे मणके एकाखाली एक, झग्याच्या आत उतरत गेलेले. इतक्या वेळा वेणी घातली, पण ते कधी दिसलेच नव्हते. झोपल्यात, हे जिभेवर तयार होतं.

"जरा फिरायला निघाल्यात," ती म्हणाली.

"कुठे?"

नातीनं मान वळवली नाही. आजीच्या हातात केस तसेच राहिले... आजवर आपण धावत येणाऱ्या गोष्टींना भ्यायलो. या सावकाश चालणारीच्या मागून चालायचं, तर पाय आत्ताच दुखायला लागले होते.