हळदीच्या भरावातून वाचलेला पत्रा

मित्रांनो, तुम्ही ज्याला नुसता 'सिमेंटचा पत्रा' म्हणता, तो जुना पत्रा मी. नाव ठेवण्यातच तुमची अक्कल दिसते. माझ्यात सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस आहे, म्हणजे दगडाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू. मी अख्खा असतो तोवर ते माझ्या पोटात गप्प असतात. मला फोडलं, कापलं, की ते हवेत उडतात आणि श्वासावाटे तुमच्या छातीत जाऊन बसतात ते कायमचे. एवढी साधी गोष्ट, पण ती तुमच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

कारखान्यात लगदा दाबून मला नागमोडी केलं, सुकवलं आणि ट्रकवर घालून उरणजवळच्या मिठागरवाल्यांच्या गावात आणलं. बुधाजीच्या घरावर मला चढवलं ते त्याच्या थोरल्या भावाने, सदाने. सदा या कामात पटाईत, निम्म्या गावाची छपरं त्याच्या हातची. करवतीने माझी कड कापताना उडालेल्या धुरळ्याने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तोंडाला साधं फडकं बांधायचं सोडून हा गडी गाणी म्हणत होता! खाली गावकरी वाहवा करत होते. पत्रा गळत नाही, गंजत नाही, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही! मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

बत्तीस वर्षं मी त्या घराचा पाऊस अंगावर घेतला. बदल्यात मला मिळालं शेवाळ, आणि तडा गेला तिथे डांबराचं ठिगळ. वर मान करून कुणी कधी बघितलं नाही.

यंदा बुधाजीच्या धाकट्या मुलाचं, राहुलचं लग्न ठरलं. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून आम्हा बावीस पत्र्यांना उतरवून भिंतीला टेकवलं. इथे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. बँजो लागला की सगळा गाव अंगणात अनवाणी नाचतो. पण बुधाजीचं अंगण खोलगट, उधाणाला तिथे खाडीचं पाणी पाझरतं. खाडीकडचा बांध फुटला की हाताला लागेल ते टाकून भरायचा, ही या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. बुधाजीने ठरवलं, पत्रे फोडायचे आणि अंगण भरायचं. काय ती हुशारी!

घरात एकच शहाणं माणूस होतं, थोरली सून नेत्रा. ती बंदराजवळच्या गोदामात सुरक्षेचे कागद सांभाळते. तिने सासऱ्याला नियम समजावून सांगितले. पत्रे फोडायचे नाहीत, पाणी मारून ओले करायचे, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचे, वर आत काय आहे ते लिहायचं आणि घातक कचऱ्याचा परवाना असलेल्या गाडीतूनच पाठवायचे. तिची दीड वर्षाची रुचिका त्याच अंगणात खेळते, माती तोंडात घालते. नेत्राच्या जिवाला घोर लागला तो तिचा.

बुधाजी हसला. म्हणाला, "इतकी वर्सं डोक्यावर व्हता, आता पायाखाली आला तर काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रा कामावर गेली आणि याने घण काढला. माझे चार भाऊबंद त्याने फोडले. धुरळा ओट्यापर्यंत उडाला. ओट्यावर रुचिका बसली होती. आजोबांचा पराक्रम बघून ती खिदळत होती, आणि आजोबांना आणखी चेव येत होता.

शेजारणीचा फोन गेला तशी नेत्रा अर्ध्या कामावरून धावत आली. पोरीला शेजारणीकडे दिलं, तोंडाला मास्क लावला आणि नळी घेऊन तुकड्यांवर पाणी सोडलं. जमलेले लोक फिदीफिदी हसले. सून पत्र्यांना आंघोळ घालते म्हणाले. बुधाजी घण घेऊन माझ्याकडे वळला.

सदा दाराशी खुर्चीत बसला होता. चार पावलं चालला तरी त्याला धाप लागते. गाव म्हणतं, बिडीने छाती गेली, आणि हा कधी नाही म्हणत नाही. तो भिंत धरून उठला.

"बुधा, घण ठेव. माझी छाती बिडीनं न्हाय गेली. दोन वर्सांमागं मुंबईच्या डाक्टरनं इचारलं, काम काय करायचास? मी बोललो, पत्रं बसवायचो. तो बोलला, त्यानंच झालंय."

"मग बोलला का न्हाईस, दादा?"

"निम्म्या गावाच्या डोक्यावर मीच घातलेत. कुठल्या तोंडानं बोलू?"

बुधाजीने घण खाली ठेवला. हसणारे एकेक करून पसार झाले. मला मात्र सदाची कीव आली नाही, चीड आली. लाजेपोटी दोन वर्षं तोंड मिटून बसला, आणि सकाळचे चार घावही बघत राहिला!

मग नेत्राने ओले तुकडे आणि वरची माती जाड प्लास्टिकमध्ये भरून बांधली, आम्हा अठराजणांना गुंडाळलं. पंचायतीतल्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, खाडीत टाका, ओहोटी नेईल. मी काय निर्माल्य आहे? शेवटी तिनेच दहा ठिकाणी फोन करून परवान्याची गाडी ठरवली. गाडी गुरुवारी येणार आहे. हळद देवळासमोरच्या मैदानात होईल.

त्या संध्याकाळी नेत्राने पोरीचे केस तीनदा धुतले. मग सदाजवळ येऊन हळूच विचारलं, "काका, हिच्या छातीत गेलं असंल तर कधी कळंल?"

"एका दिसाच्या धुरळ्यानं व्हतंच असं न्हाय, पोरी," सदा म्हणाला. "पन कळायला तीस वर्सं जातात."

मित्रांनो, तुमच्यापुढे हात जोडावेत अशी तुमची लायकी नाही. तरी सांगतो. तुमच्या छपरावर माझा भाऊबंद असेल तर घणाला हात लावू नका. त्याला भिजवा, गुंडाळा, अख्खा जाऊ द्या. नेत्रा आता तीस वर्षं लेकीच्या प्रत्येक खोकल्याला दचकणार आहे. आणखी कुठल्या आईवर ही पाळी आणू नका.