निळा माठ

प्रितमची आई, आक्का, माघात गेली. तिच्या माठावर पांढरे डाग चढलेले पाहून प्रितमनं त्याला गोडाऊनच्या शटरचा उरलेला निळा ऑइलपेंट फासला. आईची वस्तू जपावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

उन्हाळा लागला. प्रितमच्या बापानं, काळूरामनं, पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"गरम हाय."

माठ तोच, खाडीकडची खिडकीही तीच. पण म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मी सांगत व्हतो ना? गारपना तिच्या हातात व्हता. ती गेली, गारपना गेला." अंजूर गावातल्या घरी येईल त्या पाहुण्याला तो ते कोमट पाणी पाजायचा आणि साक्ष काढायचा. लोकही बिचारे माना डोलवायचे.

फ्रिजचं पाणी त्याच्या दातांना सोसत नव्हतं आणि कोमट पाणी घोट-दोन घोटांपलीकडे जात नव्हतं. वैशाखात तो ओट्यावर चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलं नाही तर जिवावर बेतेल.

त्या दिवशी सून विनिता माठाखालची तिवई पुसायला गेली, तर ती ठणठणीत कोरडी. आक्काच्या वेळी तिथं कायम ओल असायची.

"अहो, माठ पाझरतच नाही. तुमच्या रंगानं सगळी छिद्रं बुजली."

माठातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना उरलेल्याची ऊब घेऊन जातं. थोडं गेल्याशिवाय बाकीचं गार होत नाही. प्रेमापोटी माणूस काय काय लिंपून ठेवतो!

प्रितमनं नारपोलीहून कोरा माठ आणला, भिजवला, भरला. दुसऱ्या दिवशी स्वतः पेला पुढं केला. "बाबा, चूक माझी. रंगानं झालं ते. आता पिऊन बघा."

काळूराम अख्खा पेला प्यायला.

"गार हाय," तो म्हणाला. प्रितमला हायसं वाटलं. म्हातारा मात्र रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला.

"म्हंजे तिच्या हातात काय नव्हतं?"

आक्काला नेलं त्या दिवशी ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो ओक्साबोक्शी रडायला लागला. विनितानं पाठीवर हात ठेवला, तरी थांबेना.

बऱ्याच वेळानं त्यानं पेला पुढं केला.

"मना निळ्यातलाच दे."

प्रितमनं निळ्या माठातलं कोमट पाणी भरून दिलं. काळूराम ते तळापर्यंत प्यायला.