ग्वाक पंचाच्या गाडीतला लाल दिवा

मी थापा मारतो हे मिसीर्यंग घाटाच्या दोन्ही अंगांना ठाऊक आहे. एका हिवाळ्यात एका ट्रकच्या नळीतला धूर गोठला आणि मी तो काकडीसारखा मोडून बाहेर काढला, हे मी चाळीस वर्षं सांगतोय. पण गॅरेजात शिरलो की मी खोटं बोलत नाही. मेंगची जीभ वाकडी, पाना सरळ, असं गावच म्हणतं. गेल्या हिवाळ्यात यातला सरळ पाना धोक्यात आला, तो ग्वाक चिल्सुंगमुळे.

चिल्सुंग माझा बालमित्र. आता चर्चचा पंच, आणि जन्माचा संशयी. अंडं विकत घेताना कोंबडीची चौकशी करणारा. नवी गाडी घेतली की आमच्याकडे सुका मासा पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळून गाडीत बांधतात, म्हणजे अपघात टळतो. चिल्सुंगने गाडी आणली तेव्हा साऱ्या गावासमोर बजावलं, "माझ्या गाडीत देव आहे. मासा सूपमध्ये घाला." त्याची म्हातारी आई शेजारीच उभी होती. तिने मान डोलावली.

दोन महिन्यांनी गाडीत कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी असल्याचा लाल दिवा लागायला लागला. तोही रोज नाही. रविवारी, घाट चढून सोक्चोच्या चर्चला जाताना. माझ्या दारात गाडी आली की दिवा गप्प.

मी बाटली पाहिली, कुलंट बरोबर खुणेपर्यंत. दाब देऊन पाहिलं, एक थेंब गळत नव्हता. मग वरून हात घालून बाटलीचा सेन्सर बदलला. पुढच्या रविवारी दिवा पुन्हा हजर.

"तूच काहीतरी करतोस," चिल्सुंग म्हणाला.

"मी? कशाला?"

"मी परत यावं म्हणून. आणि दिवा रविवारीच का लागतो? चर्चला न जाणारा गावात एकटा तू आहेस."

"अरे, मग सैतानाला विचार. मी फक्त गॅरेज चालवतो."

त्याने काय केलं असेल? बॉनेटच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का उठवला. जमिनीचं खरेदीखत असल्यासारखा. रविवारी दिवा लागला, पट्टी मात्र शाबूत! माझी सुटका झाली असं वाटलं तुम्हाला? छे. भर खानावळीत तो ओरडला, "म्हणजे याने आधीच आत काही करून ठेवलंय! पुढच्या रविवारी मेंग माझ्यासोबत येईल. दोष सापडला नाही, तर या घाटात त्याच्याकडे कोणी गाडी टाकू नका."

सगळे आपापल्या वाटीत बघायला लागले. थापाड्या माणसाची बाजू कोण घेणार?

रविवारी मी पुढे बसलो. मागे आई, मांडीवर भजनांचं पुस्तक. सरळ रस्त्यावर दिवा बंद. उजवं वळण, बंद. डावं वळण आलं आणि लागला. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा.

"थांबव," मी म्हणालो.

पट्टी त्यानेच फाडली. मी सेन्सरच्या वायरवरून बोटं खाली सरकवत नेली, हेडलाइटमागच्या अंधाऱ्या फटीत. बोटांना कल्ले लागले. मग दोरा, घट्ट पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. चांगला हातभर सुका मासा, वायरीलाच बांधलेला. डाव्या वळणावर तो झोका घेई आणि सेन्सरचा प्लग सैल करी. वास कसा नाही आला? अहो, आमचं सगळं गावच मासे वाळवतं. आमच्या बाळांनासुद्धा तोच वास येतो.

मी मान वर केली. आई काच खाली करून माझ्याकडे बघत होती. पुस्तकावरची बोटं पांढरी पडली होती.

"काय सापडलं?" पलीकडून चिल्सुंग.

मासा वर धरला असता तर माझं नाव तिथेच धुऊन निघालं असतं. मी तो कोटात सारला.

"प्लग," मी म्हणालो. "मीच सैल बसवला होता. चूक माझी."

"बघ! म्हणत नव्हतो मी!" आनंदाने त्याची टोपी पडली. ती उचलताना तो थबकला. "कोटातून शेपूट कसलं दिसतंय?"

"सूपचं. या गावात ज्याच्या कोटात मासा नसेल त्याच्यावर संशय घे."

त्याने शेपटाकडे पाहिलं. मग आत बसून आरशातून आईकडे. मग गाडी सुरू केली.

मंगळवारी आई आली, पदार्थांचा डबा घेऊन. "पोरा, मला वाटलं ती वायर म्हणजे नुसती दोरी आहे. या वेळी तूच बांध." त्या रात्री तिने दिलेल्या किल्लीने गाडी उघडून मी मासा मागच्या सीटखाली पक्का बांधला, वायरींपासून लांब.

त्या रविवारी बर्फ पडत होतं. सकाळीच चिल्सुंग एकटा दारात.

"लागला का दिवा?" मी विचारलं.

"नाही लागत. म्हणूनच आलोय." त्याने मागे वळून पाहिलं, रस्ता रिकामा होता. "मेंग, तू त्या दिवशी गाडीतून काही काढलंस का?"

"काय काढणार?"

"मला काय माहीत! मी काही पाहिलेलं नाही. पण घाटात बर्फ आहे, आणि आई गाडीत असते."

"गाडीत जे असायला हवं ते सगळं आहे," मी म्हणालो. "मागे, आईच्या खालीच."

त्याने सुस्कारा सोडला. संध्याकाळी खानावळीत मी शिरलो तर तो माझ्याकडे न बघता सगळ्यांना सांगत होता, "मेंगचा पाना सरळ आहे. मी स्वतः तपासलाय."