नत्थूजींची पितळी चौकट

नत्थूजी मूळचे उमरेडचे कोष्टी. माग बंद पडल्यावर ते नागपुरातल्या एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर प्रेमलताबाई परदेशातला एक कॅटलॉग घेऊन त्यांच्याकडे आल्या. चित्रात एक चौकट होती. बेशुद्ध केलेल्या उंदराचं डोकं तिच्यात घट्ट बसवायचं आणि बारीक तार मेंदूत नेमक्या जागी उतरवायची.

"ही मागवणं आपल्याला परवडणार नाही. तुम्हाला जमेल?"

"कायचा अभ्यास हाय, बाई?"

"आठवणीचा."

नत्थूजींनी ते पान घडी करून खिशात घातलं.

दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं त्यांची मुलगी पुष्पलता गेली. बायको मैनाबाई वाचली, पण तापानंतरचं काही तिच्या डोक्यात टिकेना. "पुष्पी कुठं गेली?" ती रोज विचारायची. पहिल्यांदा नत्थूजींनी खरं सांगितलं. ती ऊर बडवून रडली, आणि तासाभरानं तिनं पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून ते "उमरेडले, मामाकडं" एवढंच म्हणत. मैना बरी झाली की सांगू, मग दोघं मिळून रडू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून ते स्वतः अजून रडले नव्हते.

चौकटीला चार महिने लागले. भंगारातल्या मायक्रोमीटरचा स्क्रू काढून त्यांनी तार खालीवर करायची सोय केली. उंदराच्या कानात बसणाऱ्या दांड्या तीनदा घासल्या, पडदा फाटू नये म्हणून. शिवाय प्लायवूडचा चक्रव्यूहही करून दिला. त्याच्या टोकाशी शेंगदाणा ठेवायचा.

एक उंदीर मिनिटभरात शेंगदाण्यापाशी पोचायचा. शस्त्रक्रियेनंतर आठवड्यानं बाईंनी त्याला पुन्हा सोडला, तेव्हा नत्थूजी मुद्दाम बघायला गेले. उंदीर एकाच बंद गल्लीत शिरत होता. बाहेर यायचा, परत तिथंच.

"बाई, माह्या चौकटीत फरक राह्यला काय?"

"नाही हो, तार अगदी नेमकी बसली. तारेतून वीज सोडून तेवढी जागा जाळली की आठवण राहत नाही, हेच तपासायचं होतं."

"मंग आता याले नीट कधी कराल?"

"ते नीट होत नाही, नत्थूजी."

"मानसाचंबी?"

बाईंना मैनाबाईचं काही ठाऊक नव्हतं. "माणसाचंही," त्या वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या.

नत्थूजी घरी आले. मैनाबाई भाकरी थापत होती.

"पुष्पी कुठं गेली जी?"

"उमरेडले. मामाकडं," ते म्हणाले आणि चुलीपाशीच मटकन बसले. दोन वर्षांचं रडू एकदम आलं. आवरेना.

मैनाबाई घाबरली. "काहून रडून राहिले?"

"पुष्पीची आठवण येऊन राहिली."

"इश्श! मामाकडंच तं गेली. येईन ना दोन रोजात." पिठाचे हात तसेच ठेवून तिनं मनगटानं त्यांचे डोळे पुसले.