मोतिया कापड

टाचणीमावशीला हे नाव फुकट पडलं नव्हतं. तोंडात टाचण्या धरून ती झगे शिवायची, आणि टाचण्या काढल्या की जीभ टोचायची. गेली तीस वर्षं चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक नवरीचा झगा तिच्याच मशीनखालून गेला होता. त्यात एक रीत होती. देह देवाचा, तो लग्नापर्यंत जपायचा. जिनं जपला तिला पांढरं कापड, जिचं पाऊल घसरलं तिला मोतिया, किंचित पिवळसर. पवित्र शास्त्रात असलं काही लिहिलेलं नाही. कुण्या जुन्या पाळकानं ही रीत पाडली आणि बायकांनी ती इमानेइतबारे चालवली. माप घेताना मावशी एकच प्रश्न विचारायची, आणि लग्नाच्या दिवशी रंग बघून सगळ्यांना उत्तर कळायचं.

आता तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. घरच्या पोरीला काय विचारायचं, म्हणून मावशीनं सरळ पांढरा तागा उलगडला आणि कात्री उचलली. तेव्हा लेक म्हणाली, "आई, माझा मोतिया काप."

मावशीनं कात्री खाली आपटली. मग तोंडाचा पट्टा सुटला. बाप असता तर काय म्हणाला असता, मी चारचौघांत कशी जाऊ, हेच दिवस बघायला तुला वाढवलं का, सगळं बोलून झालं. शेवटी आवाज खाली आणून ती म्हणाली, की झाकली मूठ सव्वा लाखाची, पांढराच शिवू, कुणाला कळतंय.

लेक रडली नाही. "आमची चूक झाली. ती देवापुढं कबूल केली, पाळकांनाही सांगितली. त्याला सात महिने झाले, तेव्हापासून दोघंही लग्नापर्यंत दूर राहण्याचा शब्द पाळून आहोत. देहानं देवाचा मान राखायचा, हे तूच शिकवलंस ना? मग त्याच देहावर खोटं चढवून देवासमोर कशी उभी राहू?"

मावशीच्या स्वतःच्या लग्नातला झगा पांढरा होता. तो तिनं स्वतःच शिवला होता, त्यामुळे तिला विचारणारं कुणी नव्हतं. खरं काय ते नवरा-बायको दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक केव्हाच मातीआड झाला होता. दुसऱ्यांच्या पोरींना ती इतक्या कडकपणे तो प्रश्न विचारायची ती त्याच भीतीपोटी, हे तिला आज पहिल्यांदा कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी होणारा जावई कोटाचं माप द्यायला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा माणूस. हा तरी पोरीला चार शब्द सांगेल, म्हणून मावशीनं लेकीसमोरच सगळी कैफियत त्याच्या कानावर घातली. तो मापासाठी हात पसरून उभा होता.

"मावशी, माझा कोट कुठल्या रंगाचा?"

"काळा. पुरुषांचा काळाच असतो."

"मग माझं कसं कळायचं?"

तीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मावशीलाही नाही. पोरीला मोतिया घालून उभं करायचं आणि शेजारचा काळ्या कोटात नामानिराळा.

"मलाही त्याच कापडाचा शिवा," तो म्हणाला. "चूक दोघांची होती."

लोक हसतील, मावशी पुटपुटली. हसू देत, तो म्हणाला.

तिनं त्याचं माप घेतलं, वहीत लिहिलं. मग गळ्यातली टेप काढून लेकीच्या हातात दिली.

"आता माझं घे. मोतियातच. माझ्या लग्नातला झगा खोटा होता. तुझ्या बाबांना ठाऊक होतं, आता तुम्हा दोघांना. रविवारी पाळकांना सांगते."

लेकीच्या हातून टेप दोनदा निसटली. एरवी कुणी असा धांदरटपणा केला असता तर मावशीनं त्याची सालटी काढली असती. आज ती हात पसरून उभी राहिली, आणि माप नीट होईपर्यंत थांबली.