रिंगणीचा धूर

आपल्या हाताला गुण आहे, असं वालूरची बायनाबाई स्वतः कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच पडत नसे. कुणाची दाढ ठणकायला लागली की आसपासच्या गावांतली माणसं गालाला हात लावून तिच्या ओट्यावर येऊन बसत, आणि परत जाताना तिच्या वतीनं वाटभर सांगत जात. दातातला किडा काढायची ही विद्या तिला सासूकडून मिळालेली. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले की गुण जातो, ही अटही सासूचीच. त्यामुळे बायनाबाईला पैसा मिळाला नाही, पण मान भरपूर मिळाला, आणि मानाची चटक पैशाच्या चटकेपेक्षा हलकी नसते.

विद्या तशी साधी होती. परातीत पाणी घ्यायचं, मधोमध विटेचा तुकडा ठेवायचा, त्यावर निखाऱ्यांचं खापर. रानातल्या काटेरी रिंगणीच्या वाळलेल्या बिया तेलात चोळून निखाऱ्यांवर टाकायच्या आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं वरून पालथं घालायचं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायचा. दुखणाऱ्यानं देठ तोंडात धरून धूर दाढेवर घ्यायचा, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत असत. ज्याची दाढ, तो ते बघून आधी शहारायचा आणि मग त्याचा चेहरा खुलायचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

तर अशा बायनाबाईच्या घरातच दाढ दुखायला लागली. दाढ तिच्या सुनेची, वैष्णवीची. बायनाबाईला एकुलता एक मुलगा, राम. तो वालूर-सेलू जीप चालवायचा. नवरा मागेच वारलेला. मुलगी नाही याची खंत तिला होती, ती वैष्णवी आल्यावर गेली. पोरगी बारावीपर्यंत शिकलेली, पण शिक्षणाचा तोरा नाही. सासूची वेणी घालून द्यायची, तिचे पाय चेपायची, आणि मोबाईलवर काही गमतीचं दिसलं की भाकरी थापणाऱ्या सासूच्या नाकासमोर धरायची. सासूही तिच्यावर जीव टाकायची. वैष्णवीला पाचवा महिना लागला आणि त्याच सुमाराला तिची खालची शेवटची दाढ रात्रंदिवस ठणकायला लागली.

राम म्हणाला, सेलूला दाखवू. बायनाबाईला ते आवडलं नाही, पण पोटुशी सून, म्हणून तीही जीपमध्ये बसली. सेलूच्या दातांच्या डॉक्टर राजेश्री मॅडम तरुण होत्या आणि बोलायला बऱ्या होत्या. बायनाबाईनं खुर्चीशेजारी उभं राहून विचारायचं ते सगळं विचारून घेतलं.

“दाढ काढली की नजर जाती म्हणत्यात. खरं हाय का?”

“नाही मावशी. दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. आणि ही काढायचीही नाही. आतली किडलेली नस साफ करून दाढ वाचवता येईल.”

“अन् सुई? पोटातल्या लेकराला बाधंल की.”

“सुई दाढेपुरतीच बधिर करते. बाळाला काही होत नाही. हे महिनेच त्यासाठी बरे असतात, पुढे अवघडल्यावर खुर्चीत आडवं होणं कठीण जातं. गुरुवारी या.”

गोळ्या देऊन झाल्या, ही तिघं दारापर्यंत गेली, तेव्हा मॅडमनी मागून हाक मारली. “आणि हे बघा, मधे दुखायचं थांबलं तरी या. एकदम थांबलं तर नक्कीच या. नस मेली की दुखत नाही, पण आत पू वाढत राहतो.”

जीपमध्ये बसल्याबरोबर बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. “ऐकलं का रे? दुखलं तरी या, न्हाई दुखलं तरी या. मंग सुटायचं कवा हिच्या तावडीतून?” राम हसला. वैष्णवीही गाल धरून हसली. धंदेवाईक माणूस गिऱ्हाईक सोडत नाही, एवढाच अर्थ बायनाबाईनं त्या बोलण्याचा काढला. आपण पैसे घेत नाही, म्हणून आपलं खरं, असा तिचा सरळ हिशोब होता.

बुधवारी तिनं अंगणात परात मांडली. “उद्या जायचं तर जा बाई. पन माझ्या घरात दाढ दुखावी अन् म्या हात बी लावू नये, ह्ये बरं दिसतं का? धूर तोंडातच घे, गिळू नको.”

वैष्णवी मुकाट्यानं येऊन बसली. देठ तोंडात धरला. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या तरी तिनं तोंड बाजूला घेतलं नाही. मडकं उचललं. पाण्यावर पांढरे किडे होते, नेहमीपेक्षा जास्तच. वैष्णवीनं आधी परातीत बघितलं, मग सासूकडे.

“लय पडले, आत्याबाई,” ती म्हणाली.

आणि सकाळी दाढ दुखायची थांबलेली होती. कमी झाली नव्हती, थांबली होती. वैष्णवीनं त्या बाजूनं भाकरीचा घास चावून दाखवला. बायनाबाईला एवढा आनंद झाला की तिनं शेजारच्या कडूबाईला हाक मारून बोलावलं आणि सुनेला तो घास तिच्यासमोर परत चावायला लावला.

रामला मात्र डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. “मॅडम म्हणल्या व्हत्या, थांबलं तर नक्कीच या म्हणून.”

“पोटुशी बाईला उगं सुया टोचून घ्यायच्यात का?” बायनाबाई म्हणाली. “लेकराला काय झालं तर तू निस्तरशील का?”

गुरुवारी रामची जीप सेलूला गेली, पण दवाखान्याकडे वळली नाही.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले, हे खोटं कशाला सांगायचं? वैष्णवी अंगानं भरली. सातव्यात ओटीभरणाचं ठरलं, तिच्या माहेरची माणसं आली, हिरवी साडी आली, फुलांचे दागिने आले. त्याच सकाळी तिचा गाल जरासा सुजलेला दिसला. दुखत फारसं नव्हतं. फोटो काढताना ती चांगला गाल पुढे करून बसली, आणि बायकांनी त्यावरूनही तिची चेष्टा केली. संध्याकाळी पाहुणे पांगले तेव्हा बायनाबाईनं तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधली आणि सुजेला शेक दिला. शेकानं बरं वाटतं, असं वैष्णवी म्हणाली. मग तिनं आणखी शेकलं.

दुसऱ्या दिवशी सूज गालावर राहिली नव्हती, हनुवटीखाली उतरून गळ्यापर्यंत आली होती. तोंड बोटभरही उघडेना. जीभ वर उचललेली, लाळ गिळता येईना, शब्द घोगरे आणि जाड. रामनं तिला जीपमध्ये घातलं. सेलूच्या मॅडमनी तोंडात बघायचाही प्रयत्न केला नाही. गळा बघितला, चिठ्ठी लिहिली आणि स्वतः जीपपर्यंत धावत येऊन म्हणाल्या, थांबू नका, परभणीला न्या. पूर्ण वाटेत वैष्णवी बसून होती, कारण आडवं झालं की श्वास अडकत होता. तिनं बायनाबाईचं मनगट घट्ट धरलेलं होतं. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. दाढेतला पू गळ्यात उतरला आणि श्वासाची वाट दाबली गेली, असं तिथल्या डॉक्टरांनी रामला बाजूला नेऊन सांगितलं. वैष्णवी वाचली नाही. पोटातली मुलगीही वाचली नाही.

लोक समाचाराला आले. बायनाबाईला कुणी दोष दिला नाही. उलट कडूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तू तर काढले व्हतेस बाई. एखादा किडा राह्यला असंल आत, तू तरी काय करशील?” बायनाबाईनं हे वाक्य धरून ठेवलं. एखादा राहिला. आपली विद्या खोटी नाही, आपला हात कमी पडला. या दुःखातही तिला उभं राहायला तेवढीच जागा होती. राम मात्र वाढलेलं जेवायचा, ताट स्वतः उचलून ठेवायचा, जीपची किल्ली घेऊन निघून जायचा. त्यानं एकदा तरी शिव्या घालाव्यात, असं तिला फार वाटायचं.

महिने लोटले आणि एका सकाळी पेडगावची सरजाबाई नातीला घेऊन ओट्यावर येऊन टेकली. नात पिंकी, दुसरी-तिसरीतली असावी, केसांना लाल रिबिनी, एक गाल जरा वर आलेला.

“चार दिस पोरीनं झोपू दिलं न्हाई,” सरजाबाई सांगत होती. “कालपसून आपसूकच थांबलंय दुखायचं. पन म्हणलं, किडा आतच असंल तर? आली तशीच तुमच्याकडं.”

बायनाबाई उठली. आज एकही राहू द्यायचा नाही, असं ती मनाशी म्हणाली. तिनं निखारे जास्त घेतले, बिया मूठभर घेतल्या, मडकं पालथं घातलं, देठ खोचला. पण देठातून पिवळा धूर येताना बघून पिंकीनं जो टाहो फोडला, तो थांबेचना. तिनं आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. सरजाबाईनं ओढलं, दटावलं, गोळ्यांचं आमिष दाखवलं. पोरगी देठाजवळ फिरकली नाही. धूर मोकळ्या अंगणात जात राहिला आणि आतल्या बिया तडतडून गप्प झाल्या.

“ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या बिया टाकते,” असं म्हणून बायनाबाईनं मडकं उचललं.

पाण्यावर किडे होते.

बारीक, पांढरे, पुष्कळ. ती बघत राहिली. तिनं बोटानं एक उचलला, चिमटीत धरला. तो वळवळत नव्हता. आजपर्यंत एकही वळवळला नव्हता, आणि हे आपल्या कधीच कसं मनात आलं नाही, याचं तिला आता नवल वाटलं. तिनं पिशवीतली एक बी काढून दातांत फोडली आणि तळहातावर घेतली. बीच्या पोटात तेच होतं, वळलेला पांढरा कोंब.

सरजाबाईनं वाकून परातीत बघितलं आणि हात जोडले. “पडले की वं माय! लय गुणाचा हात तुमचा.”

“पोरीनं तोंड उघडलंच न्हाई, सरजाबाई.”

“लांबून लागला असंल धूर. चल गं पिंके, पाया पड.”

सरजाबाई जायला उठली. बायनाबाईनं पोरीचा दंड धरला. दुखायचं कालपासून थांबलंय, गाल वर आलाय. सेलूच्या दवाखान्याच्या दारात मागून आलेली ती हाक तिला शब्दन् शब्द ऐकू आली. तिनं घराकडे तोंड करून रामला एवढ्या जोरात हाक मारली की शेजारची कडूबाई दारात आली.

राम बाहेर आला. “काय करायलीस? काय झालं?”

“गाडी काढ. ह्या पोरीला सेलूला न्ह्यायचं, मॅडमकडं. आत्ताच्या आत्ता.” तिनं परातीकडे बोट केलं. “राम, किडा नसतोच रे. बियांतलंच पडतंय ह्ये. पोरीनं तोंड बी लावलं न्हाई. आपल्या वैष्णवीच्या दाढंत किडा नव्हताच.”

राम परातीकडे बघत उभा राहिला. तो चकित झाला नाही. बायनाबाईनं ते ओळखलं.

“तुला ठाव व्हतं?”

“मागून कळलं,” तो म्हणाला. “परभणीला जायच्या आदल्या रात्री तिनंच सांगितलं. तिला पयल्यापसून ठाव व्हतं. मोबाईलवर बघितलं व्हतं तिनं, बियांचं.”

“मंग ती बसली कशाला धुराला? लय पडले म्हणली मला.”

“म्या बी तेच इचारलं.” त्यानं किल्ली काढली, पिंकीला उचलून जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि आईकडे न बघता बोलला. “म्हणली, आत्याबाईनं येवढ्या हौसंनं मांडलं व्हतं. त्यांचं मन मोडवलं न्हाई.”